ताडपत्रीखालची नऊ वर्षं

रस्त्यात मला पाहून "अय्या, केवढासा!" म्हणत तुम्ही मान वळवायचात ना मित्रांनो, तोच मी. मोटारीच्या मागे जोडून ओढायचा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा एक ट्रेलर. पोटात दोन माणसांपुरती गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की शेगडी, दोन खण, ताटल्यांची फळी. एवढाच माझा संसार. आता तोही धड राहिलेला नाही. तो कोणी बिघडवला, हे आज मी भीडभाड न ठेवता सांगणार आहे. गोड बोलायची सवय होती, ती मोडली.

मला एका सुताराने घडवलं. जन्मभर लोकांची कपाटं करून तो थकला होता. त्याच्या बायकोने इस्पितळात नर्स म्हणून तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी ती म्हणाली, "अहो, मला एकदा सलग झोपायचंय. कोणी हाक मारणार नाही अशा जागी." तेवढ्या एका वाक्यावर त्याने मला बांधायला घेतलं. पातळ प्लायवूड गरम पाण्याने भिजवून, दोऱ्यांनी आवळून त्याने माझी पाठ वाकवली आणि वरून पत्रा ठोकला.

पहिली सहा वर्षं आम्ही तिघं खूप हिंडलो. माळरानावर, समुद्राजवळच्या झाडीत, आणि फिरून फिरून त्या एका तळ्याकाठी. ती अशी घोरायची की माझे खण थरथरायचे. सुतार बाहेर खुर्ची टाकून ते कौतुकाने ऐकत बसायचा. मला ओरखडे पडले, पोचे आले, एकदा तर एका बकरीने माझ्या दाराची रबरी पट्टी खाल्ली. घरी आलं की तो माझी दोन्ही दारं सताड उघडी टाकायचा, गादी उन्हात घालायचा आणि सांध्यांत नवं लुकण भरायचा. लाकडाला वारा लागला पाहिजे, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

मग त्याच्या नजरेने दगा दिला आणि गाडी चालवणं सुटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, काळजी करू नका. याचं मी बघतो." आणि बघितलं हो त्याने! तळहातावरच्या फोडासारखं जपलं. माझे पोचे काढले, मला निळा रंग दिला, वर जाड ताडपत्री घातली आणि ती अशी करकचून आवळली की मुंगीलाही शिरायला वाट राहू नये. रविवारी पुढची बाजू तेवढी उघडून तो मला मेणाने घासायचा आणि पाहुण्यांना दाखवायचा. "बाबांच्या हातचा आहे," म्हणायचा. पाहुणे वा वा करायचे आणि आत चहाला जायचे.

सुतार अधूनमधून विचारायचा, "अरे, एकदा तळ्यावर नेतोस का आम्हाला? हातपाय धड आहेत तोवर."

"नेऊ की बाबा. पण रस्ता खराब आहे, उगाच रंग जाईल. जरा पाऊस सरू दे."

पाऊस सरला की थंडी, थंडी सरली की धूळ. नऊ वर्षं गेली. मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर त्याने मला केव्हाच विकलं असतं आणि मी कुणाच्या तरी मागे धावत असतो. ताडपत्रीत कोंडलेला ओलावा रोज माझ्या छताला धरायचा आणि हळूहळू भिंतींत उतरायचा. बाहेरून मी चकचकत होतो आणि आतून कुजत होतो. मला त्याचा राग आला, अजूनही आहे.

गेल्या महिन्यात आईनेच मुलाला धरलं. "या रविवारी जायचं म्हणजे जायचं." ताडपत्री निघाली. सुताराने चाचपत दार उघडलं आणि आतल्या भिंतीवर बोटाचं पेर आपटलं. पुन्हा आपटलं. चांगलं लाकूड टकटक वाजतं. मी नुसता भद्द वाजलो. त्याने अंगठा दाबला, तो नखापर्यंत आत गेला.

"अगं, डबे उतरव," तो बायकोला म्हणाला. "हा वाटेतच फुटेल."

मुलाने आत डोकावून पाहिलं. "बरं झालं वापरला नाही ते! वापरला असता तर केव्हाच मोडला असता."

"मोडला असता तर मोडू द्यायचा होतास रे," आई म्हणाली. "आम्ही झोपलो तरी असतो त्यात."

पहाटे उठून भरलेले डबे त्यांनी घरातच बसून खाल्ले. संध्याकाळी मुलगा लुकणाचे चार डबे घेऊन आला. बैल गेला नि झोपा केला. सोबत नवी, आणखी जाड ताडपत्रीही आणली होती.

आता मला फक्त आवाज ऐकू येतात. समोरच त्या दोघांची खोली आहे. "बाबा, पायरी उतरू नका, पडाल. आई, खिडकी लाव, वारं बाधेल." त्यांनाही तो जीवापाड जपतो.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. कुजलेलं लाकूड परत येत नाही. तुमच्या घरी सायकल असेल, तंबू असेल, तर तो मोडेपर्यंत वापरा आणि आणल्यावर उन्हात टाका. आणि त्या मुलाला कोणी ओळखत असाल, तर माझं एक काम करा. त्याला सांगा, गाडी दारातच उभी आहे, तळं तीन तासांवर आहे, आणि ती दोघं अजून चालतात.