आधी रक्त, मग अंगठा

नेऱ्याच्या जगनशेटनं बहिणीसाठी पैठणी आणली, तीही स्वतः निवडून. आमच्याकडे भाऊ एवढा मायाळू झाला की समजावं, हक्कसोड आहे. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि साडी घेऊन हसत सासरी जायचं.

पनवेलच्या नोंदणी कार्यालयात वेणूचा फोटो निघाला. अंगठा टेकवायची वेळ आली, तेव्हा तिनं तो मुठीत लपवला.

"दादा, आधी रगत दे."

जगनशेटला घाम फुटला. थोरली बहीण मैना पोटाच्या कॅन्सरनं गेली होती. वेणूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि तिच्या रक्तात घराण्यातून आलेला दोष सापडला. तो भावात असला, तर त्याच्या पोटाला धोका, आणि लेकीत, मनस्वीत, तो उतरायची शक्यता निम्मी. भावात नसला, तर पोरगी मोकळी. मनस्वी कधीची बापाच्या मागे लागली होती. हा आपला म्हणे, "बायांचा रोग. मना काय होतंय?"

"वेणू, लोकं बगतान!"

"बगू दे. जमीन बापाची, रोग पन बापाचाच. जमिनीला तू पुढं नि तपासनीला मागं?"

कारकुनाचा चहा निवला. जमीन घेणाऱ्या बिल्डरचा माणूस कळवळून म्हणाला, "शेट, द्या ना रक्त! मशीन बंद होईल!"

"आता इथं कोन घेनार?" जगनशेटनं शेवटची पळवाट काढली.

"बाहेर हेतल बसलीय, लॅबवाली," मनस्वी म्हणाली. आत्या-भाचीचा कट शिजलेला होता.

"आई एकविरे!" म्हणत जगनशेटनं डोळे मिटून हात पुढे केला. सुई निघाली, तसा वेणूचा अंगठा मशीनवर.

दोष जगनशेटमध्ये निघाला. मग मनस्वीनं रक्त दिलं. निकालाच्या दिवशी डॉक्टर मान वर करून म्हणाल्या, "हिच्यात नाही."

जगनशेट दवाखान्यातच नाचला! लेकीच्या वाट्याला काही आलं नाही म्हणून खूश होणारे बाप आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण लेकीसाठी खूश झालेला हा पहिलाच.

"नाच झाला?" पैठणी नेसून आलेली वेणू म्हणाली. "सोमवारी तुज्या पोटात दुर्बीण हाय."

"येतू," जगनशेट धापा टाकत म्हणाला. "पन तू हात धरून बस, बाय."