आठ ठिपके

यांच्या डोक्याच्या तपासणीचा रिपोर्ट हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर आला होता आणि पासवर्ड फक्त यांनाच ठाऊक होता. विसरणं वयाचं आहे की आजाराचं, ते त्या रिपोर्टमधून कळणार होतं. तीन दिवस मी मागे लागले होते.

"अहो, मला सांगा, मी टाकते."

"बायकोला सांगितला तर तो पासवर्ड कसला? ती बातमी झाली!"

असं काही बोलले की वाटायचं, माणूस जागच्या जागी आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो. सहाशे नंबर यांना तोंडपाठ. लोक नंबर सांगतच नसत; "त्या चष्मेवाल्याला जोडा" म्हटलं की यांची दोरी बोर्डावरच्या नेमक्या भोकात गेलेली असे. मला मात्र दर वेळी वही उघडावी लागे, आणि हे गालात हसत. आमचं लग्न ठरलं तेव्हा बाकीच्या मुली म्हणाल्या होत्या, "सांभाळ गं बाई, हा तुझी एक चूक जन्मात विसरायचा नाही."

जेवणाच्या टेबलाशी बसून हे अक्षरं दाबू लागले. अक्षर दिसायच्या आतच त्याचा काळा ठिपका होई. आठ हवेत एवढं यांना पक्कं आठवत होतं. ओठ हलवत, मोजून आठ भरले. चूक. पुन्हा आठ. पुन्हा चूक.

"अ‍ॅपच बिघडलंय. माझं बरोबर आहे."

मलाही तसंच वाटलं. ठिपके सगळे सारखेच. एखादं बोट शेजारच्या अक्षरावर पडत असेल. माझ्या फोनवरून मुलीला विचारलं.

"आई, ठिपक्यांच्या बाजूला डोळ्याचं चित्र आहे बघ. ते दाब, अक्षरं दिसतील. कुठे चुकतंय ते कळेल."

फोन ठेवला. यांनी तिसऱ्यांदा आठ भरले. मी डोळा दाबला.

एकच अक्षर होतं. आठ वेळा. नव्याने पाटी हातात आलेल्या पोराने गिरवावं तसं.

हे वाकून बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "हे कोणी लिहिलं?"

"मीच," मी म्हटलं. "चष्मा नव्हता ना. बोट दाबलंच गेलं."

"तरी म्हटलं! मी असलं कशाला लिहीन?" केवढा जीव भांड्यात पडला यांचा. मी पुन्हा डोळा दाबला, अक्षरं झाकली गेली, आणि मोबाइल पालथा ठेवून दिला.

थोड्या वेळाने मुलीचाच फोन आला. मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला.

"उघडला का गं रिपोर्ट?"

"नाही. त्याची आता घाई नाही," मी म्हटलं. "तू रजा टाक आणि ये. बाबा तुला नावाने हाक मारतायत तोवर ये."