अन्नछत्रातली अंबील

सेहेचाळीस साली शेवगावात बाजारतळाशेजारी म्हाताऱ्यांसाठी अन्नछत्र निघालं. रेशनची लाल मिलो ज्वारी घरात कमावत्यांनाच पुरत नव्हती. आप्पासाहेब आडत्यांनी धान्य जमवलं आणि रांधायला चांगुणाला ठेवलं. दुपारी प्रत्येकाला दोन भाकरी नि वाडगाभर आमटी मिळायची.

पिंजाऱ्याची इमामबी रोज यायची. महिन्याभरात बाकीच्यांच्या तोंडावर तरतरी आली, हिचे पाय मात्र सुजत चालले. एके दुपारी ती ओट्यावरच भोवळ येऊन बसली. चांगुणानं तिला सावरलं, तेव्हा पदराची गाठ सुटून दोन्ही भाकरी खाली पडल्या.

"चाची, खात का न्हाई तुमी?"

"दात कुठं हायेत, पोरी? आन घरी सून बाळंतीन हाय. तिला लागतं. माझं आमटीवर भागतं."

चांगुणानं आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जेवण इथंच खायचं, असं ठरलंय. मी समजावतो तिला."

"समजावलं तर ती उद्यापासून यायचीच न्हाई."

त्या सांजेला चांगुणानं पीठ ताकात भिजवून ठेवलं. सकाळी लसूण-जिरं घालून अंबील शिजवली. ती चावायला नको, आणि पदरात बांधून नेताही यायची नाही. बिनदाताचे सगळेच म्हातारे वाडगी पुढं करू लागले. इमामबीनं मात्र वाडगं तसंच ठेवून पिशवीतून लोटा काढला.

चांगुणाला हसू आलं. "आदी वाडगं रिकामं करा, चाची. मग लोटा मी भरते."

इमामबीनं वाडगं उचललं आणि घोट घोट पिऊ लागली.

आप्पासाहेबांनी लोटा पाहिला. "चांगुणा, हे छत्र म्हाताऱ्यांचं आहे."

"व्हय. पन सून उपाशी असली तर सासूला घास उतरंल का?"

दुसऱ्या दिवसापासून आप्पासाहेबांच्या दुकानातून दोन शेर पीठ जास्त येऊ लागलं.

पायांची सूज हळूहळू ओसरली. सूनही हिंडूफिरू लागली, तिला दूध उतरलं. श्रावणात एकदा इमामबी नातीला कडेवर घेऊन आली. तिथवर चालत आली तरी तिला धाप नव्हती. पंगत बसलेली, चांगुणा एकटीच धावत होती. इमामबीनं नात आप्पासाहेबांच्या मांडीवर ठेवली. ते अवघडून बसले. तिनं पदर खोचला, वाढायचं ओगराळं उचललं आणि पहिल्या म्हाताऱ्यापुढं वाकून म्हणाली, "घ्या पोटभर. अजून लई हाय."