गिअरमध्ये बसलेली बाधा

अमावस्येच्या सकाळी शेषरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्यांची भाजीची जुनी व्हॅन धुऊनपुसून उभी होती, बॉनेटवर हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर साक्षात शालिकराम महाराज. महाराजांनी क्लच दाबला, डोळे मिटले आणि गिअर टाकला. कालपर्यंत करकरणारा गिअर मुकाट्याने पडला. मग दुसरा, तिसरा, शेवटी रिव्हर्ससुद्धा. बायांनी हात जोडले. नांदगाव खंडेश्वरहून खास आलेल्या एका पाहुण्याने तर सायलेन्सरलाच नमस्कार केला.

मी शेजारी राहतो. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. त्यामुळे गावात माझं मत कोणी विचारत नाही आणि मी ते सांगितल्यावाचून राहत नाही.

दुखणं पावसाळ्यात सुरू झालं होतं. शेषरावांची सून शकुन हीच व्हॅन चालवत पहाटे वांगी, मेथी, झेंडू अमरावतीच्या बाजारात न्यायची, आणि नवरा चंदन मळा सांभाळायचा. गिअर अडायला लागला, तशी तिने गाडी मेकॅनिकला दाखवली. त्याने आत बसून तपासलं, एक चक्कर मारली आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. घरी आणली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करकर. मेकॅनिककडे बरी आणि घरी आजारी, म्हणजे घरातच काहीतरी आहे. एवढं निदान गावाने स्वतःच केलं होतं, महाराज फक्त शिक्कामोर्तब करायला आले.

त्या पहिल्या खेपेला त्यांनी क्लच दाबून पाहिला, मग स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ त्याची नाडी पाहिली.

"यंत्रात देवी हाये," ते म्हणाले. "आन् देवीले या बाईचा पाय सोसत नाई. सून पांढऱ्या पायाची हाये."

शकुनचे पाय मळ्यातल्या मातीने बारमाही काळेच असतात, पण तिकडे पाहायला कोणाला वेळ होता? उपाय ठरला: दर अमावस्येला गाडीतलं सगळं बाहेर काढून शुद्धी, महाराजांना टोपलंभर भाजी, आणि सुनेने गाडीला हात लावायचा नाही. चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला गेली. शुद्धीच्या दिवशी गाडी बरी व्हायची आणि लगेच पुन्हा बिघडायची. सुनेची सावली पडली असेल, हे महाराजांचं उत्तर तयारच असायचं. आता गाडी चंदन न्यायचा आणि त्याच्या हातीही ती तशीच करकरायची, पण पुरुषाच्या पायाला रंग नसतो.

शकुन माझ्याकडे आली. "सर, मले गाडी चालवता येत नसन तर तसं तोंडावर सांगा," ती म्हणाली. "पन पायावरून बोलून राहिले, ते नाई सोसवत."

मला संताप आला. मी चंदनला एक साधी परीक्षा करायला लावली. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडले, सुरू करताच करकर. म्हणजे दोष गिअरचा नव्हता. क्लच दाबला की इंजिन आणि गिअर एकमेकांपासून सुटायला हवेत, ते पुरते सुटत नव्हते. का सुटत नव्हते, ते मात्र मला सांगता येईना. माझं विज्ञान तिथेच थांबलं.

शकुन विचार करत राहिली. "मेकॅनिक आन् महाराज, दोघाईच्या हातात गाडी बरी होते," ती म्हणाली. "मंग दोघं सारखं काय करतात?" उत्तर तिला सुचलं, आणि ते तिने या अमावस्येसाठी राखून ठेवलं.

तर महाराज चमत्कार करून खाली उतरत होते, तेवढ्यात शकुन ओट्यावरचा बारदाना घेऊन पुढे आली. शेषराव भारी टापटिपीचे. काळ्या मातीच्या चिखलाने गाडी माखू नये म्हणून पावसाळा लागल्यापासून ते रोज ड्रायव्हरच्या पायाखाली बारदान्याची चौपदरी घडी घालायचे. मेकॅनिकने तपासायला बसताना ती बाजूला काढून ठेवली होती, महाराज शुद्धीसाठी बाहेर काढायला लावायचे.

"मामाजी, रोजच्यावानी अंथरा," शकुन म्हणाली. शेषरावांनी सवयीने घडी पेडलखाली नीट सारली. मग ती महाराजांकडे वळली. "आता टाका गिअर."

मंतर एकदाच चालते, असं महाराज पुटपुटले. पण लोकांना अजून चमत्कार हवा होता, त्यांनीच त्यांना आत बसवलं. करकर. शकुनने बारदाना काढायला लावला, तर गिअर गुमान पडला. पुन्हा घातला, पुन्हा करकर. क्लचचं पेडल घडीवर टेकायचं, खाली पुरतं जायचंच नाही. एवढीच ती देवी.

बाधा बारदान्यात शिरली, असं महाराज सांगू लागले. मग गाडीपासून बारदाना लांब ठेवा, सुनेला कशाला, असं मी विचारलं. तेवढ्यात शुद्धीला पहिल्यांदाच आलेले म्हातारे डोमाजी पुढे आले आणि महाराजांकडे निरखून पाहू लागले.

"हा तर चांदूर रेल्वेच्या रोडवर काळीपिवळी चालवत होता," ते म्हणाले. "याले क्लच समजत नसन, तर कोनाले समजन?"

म्हणजे पहिल्याच दिवशी महाराजांच्या पायाला सगळं कळलं होतं. त्या सकाळी ते टोपलं न घेताच गेले.

लोक हसत पांगले. शेषराव मात्र बारदाना हातात घेऊन तसेच उभे होते. "घडी तं माह्याच हातची होती," ते म्हणाले. "आन् मी नाव तुह्या पायाले ठेवलं." त्यांनी व्हॅनची चावी काढून सगळ्यांसमोर शकुनच्या हातावर ठेवली. उद्याची मेथी तूच ने, असं ते म्हणाले.

आता व्हॅनमध्ये चिखल होतो, आणि शेषराव तो रोज स्वतः धुतात. माझं मागणं फार मोठं नाही. यंत्र अडलं तर यंत्र तपासा, माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या. आणि घरात काही बिनसलं, तर सुनेच्या पायाकडे बोट दाखवण्याआधी जरा वाकून पाहा, तिच्या पायाखाली आपणच काय अंथरून ठेवलंय.