तीस सेकंद

तिनं तोंडात गुळणी भरली आणि बाथरूमचं दार वाजलं.

"वन्सं, किती वेळ? मला उशीर होतोय."

एरवी बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या तिला आत्ता साधं 'हो' म्हणता येईना. नर्सनं बजावलं होतं, तीस सेकंद गुळणी करायची आणि सगळं नळीत थुंकून पाठवायचं. द्रव एकदाच पुरेल इतका होता. एचआयव्ही असलेल्यांच्या घशात एचपीव्ही विषाणू मुक्काम ठोकण्याची भीती जास्त. पुढेमागे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो, म्हणून ही घरच्या घरी तपासणी. नवऱ्याला एचआयव्ही निघाल्यावर तिचंही रक्त तपासलं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासूनच्या गोळ्या भावाच्या घरात 'रक्तदाबाच्या' म्हणून खपल्या होत्या.

अकरा. बारा.

"वन्सं? बोला की! अहो, इकडं या लवकर, आतून आवाजच येत नाहीये!"

भाऊ धावत आला. दारावर खांदा आदळला. कडीचा स्क्रू हलला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं ओठ उघडले नाहीत.

एकोणतीस. तीस.

नळीत थुंकून तिनं झाकण घट्ट लावलं आणि कडी काढली.

"काय आहे ते?" भावानं विचारलं.

"घसा जरा..." ती थांबली. खोटं बोलायचा तिला एकदम कंटाळा आला. "मला एचआयव्ही आहे. बारा वर्षं."

भावानं चपला घातल्या आणि तो निघून गेला.

"माझ्या पोरीला तुमच्या हातानं भरवलंत," वहिनी म्हणाली.

"त्यानं होत नाही गं."

"ते कळतं मला. मला सांगितलं नाहीत, त्याचं म्हणतेय."

तीन आठवड्यांनी नर्सचा फोन आला. विषाणू सापडला होता. "म्हणजे कॅन्सर नव्हे हं. पण घसा एकदा बघून घेऊ."

भाऊ अजून बोलत नव्हता. तपासणीच्या दिवशी ती रिक्षात बसली, तेवढ्यात वहिनी आली.

"सरका."



डॉक्टरांनी घशात नळी घालून बराच वेळ पाहिलं. वहिनी पर्सचा बंद पिळत उभी होती.

"आत्ता तरी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या."

पुढच्या तारखेच्या कागदावर 'सोबत कोण' असा रकाना होता.

"राहू दे रिकामा," ती हळूच म्हणाली. "इथं ओळखीचं कुणी निघालं तर?"

वहिनीनं तिच्या हातातून पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, आणि आडनाव जरा ठळकच लिहिलं.