कोरडी परात

युसनिदार रोज सकाळी ट्रकच्या गिअरबॉक्सखालची परात काढून गळलेलं ऑइल फडक्यातून गाळायची आणि तिचा नवरा सफ्रिजाल ते पुन्हा आत ओतायचा. सील दोनदा बदलूनही गळती होतीच. घर या ट्रकवरच चालायचं, म्हणून गळती थांबावी यासाठी तिने सोमवार-गुरुवारचे रोजे धरले होते.

आज गुरुवारी परात कोरडी होती.

“अहो, अल्लाने ऐकलं! थेंबसुद्धा नाही!”

सफ्रिजाल ट्रकखाली सरपटला. बोल्ट काढून त्याने आत बोट घातलं. बोटाला नुसती लोखंडाची पूड लागली.

“गळायला आत काही उरलंय का, बाई? काल पादांगच्या घाटात सगळं सांडलं असणार. गिअरचे दातच गेले.”

तिने परात धुतली. रोजा मात्र मोडला नाही. फक्त आता मागायचं काय, ते तिला सुचेना.