अडवलेली मेल

“मी मेल केली होती, बाबा. उत्तर आलं नाही. म्हटलं, विषय संपला.”

रुग्णालयातल्या हेडक्लार्कांच्या मुलीचं लग्न होऊन महिना उलटला होता आणि ते त्यांना आत्ता, स्वतः फोन केल्यावर, कळत होतं. ‘मला फोन करू नकोस’ असं रागाच्या भरात त्यांनीच तिला बजावलं होतं. म्हणून तिने ऑफिसच्या पत्त्यावर मेल केली होती.

“मला काहीच मिळालं नाही गं.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला ते खरं वाटलं नव्हतं.

रुग्णालयात येणारी प्रत्येक मेल आधी एका यंत्रातून गाळून यायची. कॉम्प्युटरवाला नोकरी सोडून गेल्यापासून ते यंत्र हेडक्लार्कांच्याच गळ्यात पडलं होतं. त्यांनी त्यातल्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडल्या. फायलींची ही रांग! पहिलीच उघडली, तर तिच्यात पुन्हा पुन्हा त्यांचंच नाव. शेवटी त्यांनी यंत्राच्या कंपनीतल्या बाईंना फोन लावला.

“साहेब, यंत्रात कोण शिरलं, त्याचा लॉग बघताय तुम्ही. मेलचा वेगळा असतो. मागच्या महिन्याची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि तिच्यात पत्ता शोधा.”

दोनदा भलतीच फाईल उतरली. तिसरीत मुलीचा पत्ता सापडला. पुढच्या ओळींचा अर्थ बाईंनीच लावून दिला. मेल आली होती. जोडलेल्या फाईलचा यंत्राला संशय आला. त्याने मेल अडवून ठेवली आणि मुदत संपल्यावर पुसून टाकली.

विषयाच्या जागी दोनच शब्द होते : ‘याल का?’

“आणि आतला मजकूर?”

“तो लॉगमध्ये नसतो, साहेब. कुणाची, कुणाला, कधी आणि पुढे काय झालं, एवढंच.”

“पण मला तेच तर वाचायचंय!”

“पुसलेलं परत येत नाही, साहेब.”

त्यांनी मुलीला फोन लावला. “सापडली. आमच्या यंत्राने अडवली होती. काय लिहिलं होतंस?”

“आता काय करायचंय ते?” मग तिने विचारलं, “मिळाली असती तर आला असता?”

‘हो’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आलो असतो का? की ती मेल वाचून आपणच पुसून टाकली असती? त्यांचं त्यांनाच कळेना.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले.

या वेळी तिने फोन ठेवला नाही. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा, अगदी जवळून : “कोण आहे?”

“बाबा आहेत,” ती म्हणाली.